दाखला

न्यू बेडफर्डच्या वकिलातीत खिडकीपलीकडची बाई
चष्म्यावरून बघते आणि विचारते,
हे दोघं एकच कशावरून?

एका कागदावर एर्मिनियु द सिल्व्हैरा,
जन्म दोन मार्च, फायाल बेट.
दुसऱ्यावर हर्मन सिल्व्हर,
जन्म सव्वीस फेब्रुवारी, राहणार फॉल रिव्हर.
मधे अटलांटिक.
मी म्हणते, दोघंही माझे वडीलच.
ती म्हणते, तेवढ्यानं भागत नाही.

कसं सांगू तिला,
की पोराची नोंद करायला उशीर झाला तर दंड पडायचा,
म्हणून माझ्या आजोबांनी त्याचा जन्मच चार दिवस पुढे ढकलला;
आणि कापडगिरणीतल्या मुकादमाला
एवढं लांब नाव वहीत बसवायचा कंटाळा,
त्यानं शेपूट छाटलं, उरलं त्याला चांदी म्हटलं.
(सिल्व्हैरा म्हणजे काटेरी जाळी.
हे मला साठाव्या वर्षी शब्दकोशातून कळलं.
घरात कुणीच बोललं नव्हतं.)
तिथल्याच मागानं डाव्या करंगळीचं पेर नेलं
त्याची नोंद तर कुठल्याच कागदावर नाही.

भाऊ फोनवर हसतो:
आता कशाला हवाय तुला दुसरा देश?
पहिला नीट वापरून झाला का?
विमानतळावर रांग लहान असते म्हणून?
मी सकाळी साडेसहाला स्कूलबस काढते,
बेचाळीस पोरं उचलते,
प्रत्येक थांब्यावर दार उघडताना
त्याला द्यायचं उत्तर जुळवते.
शेवटचं पोर उतरेपर्यंत ते विसरलेलं असतं.

वडील एवढंच सांगायचे, तेही दारू चढल्यावर:
समुद्रातून डोंगर वर आला.
तेरा महिने राख.
दीपगृह मजलाभर गाडलं गेलं,
गाईचं दूधसुद्धा करडं दिसायचं.
मग अमेरिकेनं दार किलकिलं केलं
आणि आम्ही अंग चोरून आत आलो.
पुढे विचारलं तर, जेव.

आता ते विसरतायत, आणि उलट्या क्रमानं.
आधी नातवंडं गेली, मग मी,
मग आई, बेसबॉल, गिरणी,
मग अख्खी इंग्रजी एका हिवाळ्यात.
वृद्धाश्रमात केप व्हर्डची इल्दा आहे
म्हणून त्यांची तहानभूक कुणाला तरी कळते.
मला पोर्तुगीज येते ती स्वयंपाकघरापुरती:
बस, खा, गरम आहे, हात धू,
आणि तीनचार शिव्या.

चौदा महिन्यांनी पाकीट आलं.
दोन साक्षीदार, एक प्रतिज्ञापत्र,
चर्चच्या वहीतल्या पानाची नक्कल,
पाद्र्याचं अक्षर मुंग्यांसारखं;
एवढं सगळं मिळून वडील एकदाचे एक झाले
आणि मी त्यांची.
बस डेपोत लावली,
गणवेशावरच कागद घेऊन गेले.

ते खिडकीशी सूप पीत होते.
माझ्या कोटाची बटणं बघितली, खांद्यावरची पट्टी बघितली,
हातातला शिक्का मारलेला कागद बघितला
आणि धडपडत उठून उभे राहिले.
डोक्यावर नसलेली टोपी काढली.
सगळे खिसे चाचपले.
घडी घातलेला कागदी रुमाल निघाला,
तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.
करंगळी तेवढी आखूड.

काहीतरी बोलले, फार अदबीनं.
माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.
इल्दा दारातच थांबली.
म्हणाली, ते म्हणतायत,
साहेब, तारखेत थोडा फरक आहे,
माणूस तोच आहे.
आणि विचारतायत,
किती दिवस राहू द्याल?

मी रुमाल घेतला. उलटसुलट करून वाचला.
मला येतात त्या वीसेक शब्दांत
खूप शोधलं.
बस, म्हटलं.
खा.
गरम आहे.